आधी खुर्च्या मांडायला जा: विद्यापीठात नव्यानं आलेल्यांसाठी

विद्यापीठातला माझा पहिला दीड महिना खोली, वर्ग आणि ग्रंथालय या तीनच ठिकाणी गेला. संध्याकाळी सभागृहाकडे माणसांची रीघ दिसायची, आतून टाळ्या ऐकू यायच्या आणि मी बाहेरूनच वळायचो. आपल्याला कुठे कुणी बोलावलंय, हा एकच विचार आडवा यायचा. एके दिवशी जिन्यात एका सीनियरनं हटकलं, "रिकामा आहेस ना? चल, खुर्च्या लावायच्यात." दुसऱ्या मजल्यावरून चाळीस खुर्च्या खाली आणल्या. कार्यक्रम संपून परत वर नेल्या. रात्री निघालो तेव्हा सात जण मला नावानं ओळखत होते. वर्गात दीड महिन्यात तेवढे झाले नव्हते.

पुढे मी एका व्याख्यान मंडळात बरीच वर्षं काम केलं. दर वर्षी नवी मुलं यायची आणि तेच चार प्रश्न विचारायची. त्या उत्तरांचा हा लेख. एक सूत्र मात्र सुरुवातीलाच सांगून टाकतो: कार्यक्रम बघून विद्यापीठ कळत नाही, कार्यक्रमाला हात लागला की कळतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत. दोन पायऱ्या एकदम चढायचा मोह होईल, तो टाळा. पहिल्याच महिन्यात अध्यक्ष झालेली मुलं दुसऱ्या सत्रात दिसेनाशी होतात, हे मी पुरेसं पाहिलंय.

पायरी १: बातमी कुठे फिरते ते हुडका

विद्यापीठात सूचना दोन वाटांनी फिरतात. एक सरकारी थाटाची: संकेतस्थळ, ईमेल, मुख्य इमारतीतला काचेचा फलक. मोठे समारंभ, मान्यवरांची भाषणं, शुल्काच्या तारखा यांसाठी ती पुरते. दुसरी वाट जिन्यांतून, विभागांच्या दारांवरून आणि मोबाइलच्या ग्रुपांतून जाते. मला आवडलेल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या दुसऱ्या वाटेनं आल्या. दुसऱ्या विद्यापीठातून कुणी अभ्यासक आठवडाभरासाठी आलेला असतो, वीस जणांपुरती गप्पांची बैठक ठरते आणि त्याची एकुलती एक जाहिरात म्हणजे विभागाच्या दारावर चिकटपट्टीनं लावलेला कागद.

म्हणून आठवड्यातून एकदा, वर्गातून परतताना, आपल्या विभागाव्यतिरिक्त दोन विभागांच्या मजल्यांवरून चक्कर मारा. बहुतेक विभागांचं परिसंवादाचं ठरलेलं वार आणि ठरलेली वेळ असते, ती एकदा कळली की पुढचं सगळं सोपं. तेही कळत नसेल तर विभागाच्या कार्यालयात विचारा. प्राध्यापकांना आपलंच वेळापत्रक माहीत नसतं, कार्यालयातल्या माणसाला सगळ्यांचं असतं.

दिनदर्शिकेत कार्यक्रम भरण्याआधी परीक्षा आणि असाइनमेंटच्या तारखा भरा. उलट क्रमानं केलं तर काय होतं हे सांगायची गरज नाही.

सूचनेतले शब्द नीट वाचा. "सर्वांसाठी खुले" याचा अर्थ खरोखरच सर्वांसाठी. गावातले लोकही येऊन बसतात, तुम्ही कोणत्या शाखेचे हे दारात कुणी विचारत नाही. "नोंदणी आवश्यक" हे बहुधा खुर्च्या मोजण्यासाठी असतं. नाव नोंदवून जाणं जमणार नसेल तर नाव काढून घ्या, प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी जागा मिळते. "निमंत्रितांसाठी" असेल तिथे आयोजकांना सरळ लिहून विचारायला हरकत नाही, मागच्या ओळीत उभं राहू देतात. आणि वेळ. जर्मन विद्यापीठांत व्याख्यानाच्या वेळेपुढे सी. टी. किंवा एस. टी. अशी लॅटिन शब्दांची आद्याक्षरं असतात. पहिल्याचा अर्थ सांगितलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी, दुसऱ्याचा अर्थ काट्यावर. उशिरालाही नियमात बसवणारी ही पद्धत मला फार आवडते. तुमच्याकडे असा लेखी संकेत नसेल, पण अलिखित असतोच. पहिल्या दोन कार्यक्रमांत तो ओळखा.

पायरी २: क्लबांच्या स्टॉलवर हात आवरा

सत्राच्या सुरुवातीला सगळे क्लब आणि मंडळं टेबलं मांडून बसतात. नाटक, वादविवाद, गिर्यारोहण, रोबॉटिक्स, खगोल, भित्तिपत्रक, समाजकार्य. त्या दिवशी प्रत्येक जण हसऱ्या चेहऱ्यानं वही पुढे करतो आणि नवा विद्यार्थी चौदा ठिकाणी फोन नंबर लिहून येतो. मग पुढचे तीन महिने फोन नुसता वाजत राहतो.

दोनच निवडा. एक तुमच्या विषयाजवळचा, एक अगदी लांबचा. लांबचा का, तर तिथे भेटणारी माणसं तुमच्या वर्गात कधीच भेटणार नाहीत. मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली एक निबंध लिहिला, समाजशास्त्रात आजही तो वाचला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जिवलग मित्रांना बहुधा आपल्याला आधीच माहीत असलेलंच माहीत असतं. नवी बातमी, अगदी नोकरीचीसुद्धा, तोंडओळखीच्या माणसांकडून येते. खगोल क्लबातला इतिहासाचा विद्यार्थी ही तशी तोंडओळख.

नाव नोंदवण्याआधी टेबलामागच्या माणसाला तीन गोष्टी विचारा. तुम्ही भेटता कधी? गेल्या सत्रात नेमकं काय केलं? नव्या माणसाला पहिलं काम कोणतं देता? तिसऱ्या प्रश्नावर "अरे, तू ये तर, मग बघू" असं उत्तर आलं तर तिथे काम दोघं-तिघं करतात आणि बाकीचे ग्रुपमध्ये अंगठे दाखवतात, असं समजा. "बुधवारी पडद्यामागे दिवे सांभाळायला माणूस हवाय" असं कुणी म्हणालं तर तिथे जा, दिव्यातलं काही कळत नसलं तरी.

बोलायची हौस असेल तर वादविवाद मंडळ ही चांगली शाळा आहे. जगभर चालणाऱ्या ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत दोन-दोन जणांचे चार संघ असतात. विषय कळल्यावर तयारीला पंधरा मिनिटं मिळतात, प्रत्येकाला बोलायला सात. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून समोरचे मध्येच उठून मुद्दा मांडायची परवानगी मागू शकतात. बाजू आपल्याला निवडता येत नाही, यातच सगळी गंमत आहे. पहिल्या दिवशी घशाला कोरड पडते. चौथ्या खेपेला पडत नाही.

पायरी ३: ऐकायला जा, वही घेऊन

पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतल्या, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेनं चार व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, घरी येऊन ती आकृत्यांसह सुवाच्य लिहिली. जवळजवळ तीनशे पानं झाली. बांधणी तर त्याचीच विद्या, पानं बांधून ते पुस्तक त्यानं थेट डेव्हीकडे पाठवलं. १८१३च्या मार्चमध्ये तो त्याच संस्थेत डेव्हीचा मदतनीस झाला.

वक्त्याकडे पोचायचा रस्ता त्याच्या म्हणण्यातून जातो, म्हणून हा किस्सा सांगितला. सेल्फीतून तो जात नाही. मी वहीत प्रत्येक व्याख्यानाचं अर्धं पानच लिहायचो: तारीख, वक्ता, त्याचा मुख्य दावा माझ्या शब्दांत, त्यानं उल्लेख केलेलं एखादं पुस्तक किंवा नाव, आणि मला न कळलेली एक गोष्ट. शेवटची ओळ सगळ्यांत मोलाची, कारण प्रश्न तिथूनच निघतो.

आता प्रश्न विचारण्याबद्दल जरा सविस्तर, कारण नवख्यांचं सगळ्यांत जास्त इथेच अडतं. माझा पहिला जाहीर प्रश्न मला अजून आठवतो. माइक हातात आला, मी उभा राहिलो, आधी वक्त्याचं कौतुक केलं, मग माझ्या वाचनाचा हवाला दिला, मग एका आठवणीत शिरलो. दोनेक मिनिटांनी वक्त्या शांतपणे म्हणाल्या, "छान. यात प्रश्न कोणता?" सभागृह हसलं. मला काहीच सुचेना. "नाही, एवढंच" म्हणून मी खाली बसलो. पुढचे दोन महिने मी हात वर केला नाही.

त्यानंतर एक सवय लावून घेतली, ती तुम्हीही लावा. प्रश्न वहीत पूर्ण वाक्यात लिहा आणि उठल्यावर वाचून दाखवा. वाचून दाखवण्यात कमीपणा नाही. दोन वाक्यं पुरतात: पहिल्यात वक्त्याचाच मुद्दा ("तुम्ही म्हणालात की नदीचं पात्र वळवल्यावर पूर वाढला"), दुसऱ्यात तुमचं कोडं ("मग धरण नसलेल्या नद्यांचं काय दिसतं?"). नाव आणि विभाग सांगा, प्रश्न विचारा, बसा. "माझा प्रश्न कदाचित बावळट असेल" ही प्रस्तावना गाळा. त्यानं प्रश्न शहाणा होत नाही, फक्त लांबतो.

सगळ्यांसमोर बोलणं जमतच नसेल तर संपल्यावर पुढे जा. वक्त्याभोवती घोळका असतो, तो पाच मिनिटांत पांगतो, तेवढं थांबा. बसायची जागा तिसऱ्या-चौथ्या रांगेत, कडेला. पुढची रांग पाहुण्यांची, मागची निसटणाऱ्यांची. कडेला बसलं की माइकवाला सहज पोचतो आणि पुढच्या तासाला पळायचं असेल तर कुणाचे पाय तुडवावे लागत नाहीत.

पायरी ४: हात लावा

तीन-चार कार्यक्रम ऐकून झाले की आयोजकांकडे जा आणि म्हणा, "पुढच्या वेळी अर्धा तास आधी आलो तर काही काम आहे का?" काही मदत लागली तर सांगा, असं म्हणू नका. ते सगळेच म्हणतात आणि त्यांना कुणी सांगत नाही. "अर्धा तास आधी" हे शब्द जादूचे आहेत, कारण आयोजकांची सगळ्यांत हलाखीची वेळ नेमकी तीच असते.

तो अर्धा तास जवळून बघण्यासारखा असतो. एक जण माइकवर "हॅलो, एक, दोन, तीन" करतोय, आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून येतोय. पाहुण्यांच्या लॅपटॉपला प्रोजेक्टरची वायर बसत नाही, अडॅप्टर विभागात आहे, विभाग बंद झालाय. बॅनरचा उजवा कोपरा सुटून लोंबतोय. दारात हजेरीची वही आहे, पेन नाही. आणि सूत्रसंचालन करणारी मुलगी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पाहुण्यांचं आडनाव पुन्हा पुन्हा पुटपुटतेय. या गोंधळात जो माणूस निमूटपणे पेन आणून ठेवतो, त्याला पुढच्या बैठकीचं बोलावणं आपोआप येतं.

सुरुवातीला दार, माइक किंवा घड्याळ, यांतलं एक काम मागून घ्या. दारावर सगळ्यांशी बोलणं होतं. माइक घेऊन फिरताना सभागृह कसं श्वास घेतं ते कळतं. घड्याळ म्हणजे पहिल्या रांगेत बसून "१०", "५", "संपवा" असे कागद वक्त्याला दाखवणं. काम दिसायला क्षुल्लक, पण कुलगुरूंना "संपवा" दाखवायला काळीज लागतं.

पायरी ५: पहिला कार्यक्रम स्वतःचा

दुसऱ्या सत्रात कधीतरी एक कार्यक्रम स्वतः करा. लहान करा. का, ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

मी पहिल्यांदा व्याख्यान ठरवलं तेव्हा दोनशे खुर्च्यांचं सभागृह घेतलं. विषय मला मोठा वाटत होता. आले अकरा जण, त्यांतले चार आमचेच. वक्ते सज्जन होते, व्यासपीठावरून खाली उतरले, खुर्च्या गोलात ओढायला लावल्या आणि दीड तास बोलले. तो आमचा सर्वांत चांगला कार्यक्रम ठरला, पण त्याचं श्रेय त्यांचं. चूक कुठे झाली? दुसऱ्या दिवशी दोन विभागांचे प्रकल्प जमा करायचे होते, ते मी पाहिलंच नव्हतं. आणि पोस्टरवर वक्त्यांच्या पदव्या होत्या, आमच्या मंडळाचं बोधचिन्ह होतं, पण विषय एका अवजड शीर्षकात गुंडाळलेला. त्यातून काय ऐकायला मिळणार, हे कुठेच नव्हतं.

तेव्हापासून अंदाजे माणसं मोजायची आणि त्याहून थोडी लहान खोली घ्यायची. चाळीस खुर्च्यांच्या खोलीत पस्तीस जण आले तर ती गर्दी असते. तेच पस्तीस दोनशेच्या सभागृहात केविलवाणे दिसतात.

तयारीला सहा आठवडे धरा. आधी तारीख: परीक्षा, मोठी सुटी, क्रीडास्पर्धा, दुसऱ्या मंडळाचा कार्यक्रम, सगळ्यांशी ताडून बघा. मग खोलीचा अर्ज आणि परवानगी. अर्ज कुणाच्या सहीनं जातो, सही करणारे रजेवर तर नाहीत ना आणि रात्री कुलूप कोण लावणार, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा. परवानगी तोंडी मिळाली तर त्याच संध्याकाळी "आपण आज म्हणालात त्याप्रमाणे" अशा शब्दांत ईमेल टाका. हा आगाऊपणा वाटेल, पण माझी दोन कार्यक्रमांची खोली याच ईमेलनं वाचली आहे.

वक्त्याला पत्र एकाच माणसानं लिहायचं आणि शेवटपर्यंत त्यानंच बोलायचं. पत्र एका पानाचं: आम्ही कोण, विषय तुमच्याकडूनच का ऐकायचा आहे, ऐकणारे कोण आणि साधारण किती, बोलायला चाळीस मिनिटं आणि प्रश्नांना वीस, तारखांचे दोन पर्याय. प्रवासखर्च आणि मानधन देणार की नाही, हे पहिल्याच पत्रात सरळ लिहा. "मानधन देऊ शकत नाही" हे वाचून कुणी रागावत नाही. ते शेवटच्या दिवशी कळलं की रागावतात, आणि बरोबरच आहे. ध्वनिमुद्रण करणार असाल तर त्याचीही परवानगी तेव्हाच मागा.

पोस्टरवर चार गोष्टी लांबून दिसल्या पाहिजेत: काय, कोण, कधी, कुठे. खोलीच्या नुसत्या क्रमांकानं भागत नाही, "ग्रंथालयामागचा जिना, पहिला मजला" असं लिहा. नवा माणूस क्रमांक शोधत फिरतो आणि दमून परत जातो. ग्रुपमध्ये संदेश तीन वेळा: आठवडाभर आधी, आदल्या दिवशी, दोन तास आधी. पण खरी गर्दी कुणाच्या तरी तोंडी आमंत्रणानं होते. मंडळातल्या प्रत्येकानं दोन माणसं सोबत आणायची, एवढंच ठरवा.

त्या दिवसाचा कागद करा, मिनिटांसकट. आमचा असा असायचा:

५.०० खोली उघडणं, खुर्च्या, माइक, प्रोजेक्टर
५.३० पाहुणे दारात. एकानं फक्त त्यांच्यासोबत राहायचं
६.०० प्रास्ताविक, तीन मिनिटं
६.०३ व्याख्यान
६.४५ प्रश्न
७.०५ आभार, दोन मिनिटं
७.०७ आवराआवर

प्रत्येक ओळीपुढे एकाच माणसाचं नाव. दोघांची नावं लिहिली की काम कुणाचंच नसतं. प्रास्ताविक तीन मिनिटांत संपवणं शक्य असतं, हे मी शपथेवर सांगतो. पाहुण्यांचा सोळा ओळींचा परिचय वाचू नका. या विषयावर बोलायला ते का योग्य, एवढ्या दोन ओळी पुरे. आभारात इलेक्ट्रिशियनचं नाव घ्या, ते राहतं.

पाहुणे आलेच नाहीत तर? रॉयल इन्स्टिट्यूशनच्या शुक्रवारच्या व्याख्यानांबद्दल एक किस्सा सांगतात: १८४६ साली चार्ल्स व्हीटस्टन हा शास्त्रज्ञ ऐनवेळी बुजून पळाला आणि फॅरडेला उभं राहून वेळ मारून न्यावी लागली. तेव्हापासून तिथे वक्त्याला आधी अर्धा तास खोलीत कोंडून ठेवायची प्रथा पडली म्हणे. तुम्ही कोंडू नका. पण विषयातल्या एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आधीच विचारून ठेवा, "वेळ आली तर वीस मिनिटं बोलशील?" अशी वेळ माझ्यावर एकदाच आली आणि त्या रात्री झोप लागली ती याच माणसामुळे.

सूत्रसंचालकाच्या हातात आणखी एक गोष्ट असते. २०१८ साली दहा देशांतल्या पस्तीस संस्थांमध्ये सुमारे अडीचशे परिसंवादांचं निरीक्षण करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रोत्यांत स्त्रिया-पुरुष किती हे लक्षात घेऊनही स्त्रिया कमी प्रश्न विचारताना दिसल्या, आणि पहिला प्रश्न पुरुषाकडून आला की ही दरी आणखी रुंदावत होती. हे वाचल्यापासून मी पहिला माइक मुद्दाम मुलींच्या हाताकडे न्यायला सांगायचो. व्याख्यान संपल्यासंपल्या हात वर होत नाहीत तेव्हा घाई करू नका. "दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोला, मग प्रश्न घेऊ," असं म्हणा. मग हात येतात, तेही वेगळ्याच लोकांचे.

एक बारीकशी पण चुकवू नये अशी गोष्ट. "माझा आवाज मोठा आहे, माइक नको" म्हणणाऱ्याला माइक द्याच. ज्याला ऐकू कमी येतं तो उभा राहून तसं सांगत नाही. पहिल्या रांगेतल्या एका टोकाची खुर्ची काढून ठेवा, व्हीलचेअरला जागा होते. खोली वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर दुसरी खोली बघा.

पायरी ६: बैठकांत बसा

हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून थोडक्यात. इटलीतलं बोलोन्याचं विद्यापीठ परंपरेनं १०८८ साली सुरू झाल्याचं मानतात. ज्या लॅटिन शब्दापासून युनिव्हर्सिटी हा शब्द आला, त्याचा तिथला अर्थ विद्यार्थ्यांचा संघ असा होता. विद्यार्थीच शिक्षकांना नेमत, आणि तासाला उशिरा आलेल्या किंवा घंटेनंतरही बोलत राहिलेल्या शिक्षकाला दंड होई. आज दंड करता येणार नाही, पण वर्गप्रतिनिधी, विद्यार्थी परिषद, ग्रंथालय समिती अशा जागा असतात. कारभारात विद्यार्थ्यांनाही मत हवं, या मागणीसाठी १९१८ साली अर्जेंटिनातल्या कोर्दोबामध्ये विद्यार्थ्यांनी मोठं आंदोलन केलं, आणि त्याचे पडसाद लॅटिन अमेरिकेतल्या विद्यापीठांत उमटले. ज्या जागांसाठी एवढं झालं त्या पुष्कळदा अर्जाविना रिकाम्या राहतात, हे मला नेहमी विचित्र वाटत आलंय.

अशा बैठकीला जाताना विषयपत्रिका आधी वाचा, मागचं इतिवृत्त सोबत न्या, गणपूर्ती, म्हणजे बैठकीला किमान किती जण हजर लागतात, ते माहीत करून घ्या. "ग्रंथालय रात्री उघडं ठेवा" असं नुसतं म्हणू नका. परीक्षेच्या महिन्यात रात्री आठला किती जण बाहेर काढले जातात, हे चार दिवस मोजा आणि तो आकडा घेऊन जा. बैठकीत ओरडणाऱ्याचं इतिवृत्तात येत नाही, आकड्याचं येतं. बैठक चालवायची पाळी आली तर धीर सोडू नका. हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकन सैन्यातल्या अभियंत्याला १८६३ साली अचानक एका सभेचं अध्यक्षपद दिलं गेलं आणि सभेचा पार विचका झाला. त्या शरमेपायी त्यानं सभा चालवायच्या पद्धतींचा अभ्यास केला आणि १८७६ साली नियमांचं पुस्तक काढलं, जे अमेरिकेत सभासंस्था अजून वापरतात.

पायरी ७: नाही म्हणा, आणि सोपवून जा

सगळ्यांना सगळं जमत नाही. कुणी नोकरी करून शिकतं, कुणाची शेवटची गाडी साडेसातची असते, कुणाला गर्दीत गुदमरतं. त्यांनी दुपारच्या सुटीतले कार्यक्रम धरावेत, किंवा पोस्टर, हिशेब, इतिवृत्त ही घरून होणारी कामं मागून घ्यावीत. आमच्या मंडळाचे सगळ्यांत नेटके हिशेब ठेवणारी मुलगी दोन वर्षांत तीनच कार्यक्रमांना आली होती. आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात कुणीही काम सांगितलं तर "या महिन्यात जमणार नाही, पुढच्यात करतो" एवढंच सांगा. कारणं देत बसू नका, कारणांवर तोडगे निघतात.

जाताना फाइल सोपवा. मंडळं पैशांवाचून बंद पडताना मी पाहिली नाहीत, माहिती घेऊन निघून गेलेल्या सीनियरांमुळे पडताना पाहिली आहेत. फाइलमध्ये काय हवं: कोणत्या खोलीचा प्रोजेक्टर पिवळा दिसतो, अर्जावर कुणाची सही लागते, कोणत्या वक्त्यांनी "पुढच्या वर्षी विचारा" म्हटलंय, प्रत्येक कार्यक्रमाला किती माणसं आली याचे खरे आकडे, अकरासुद्धा. पासवर्ड मंडळाच्या ईमेलवर ठेवा, स्वतःच्या नको.

आमच्या फाइलच्या शेवटच्या पानावर अडॅप्टर, चिकटपट्टी, कात्री, जादा पेनं ठेवलेल्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते लिहिलेलं असायचं. नाव दर वर्षी खोडून नवं घालत गेलो. मी निघालो तेव्हा माझ्या नावाखाली ज्या मुलाचं नाव आलं, त्याला मी दोन वर्षांपूर्वी जिन्यात हटकलं होतं.